अक्काच्या कोठ्याचे बारा नकाशे

अमोलचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, मनीषनगरात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजीच्या ठेल्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते. "मावशी, माय गेली," एवढंच तो म्हणाला. मागे कुणीतरी रडत होतं, बहुधा मनीषा, त्याची बायको. मी हातातली जुडी परत ठेल्यावर ठेवली. ठेलेवाल्यानं विचारलं, "क्या हुआ, मॅडम?" मी "कुछ नहीं" म्हणाले आणि वर निघाले. लिफ्टमध्ये मी एकटीच होते. तिथं मला जे वाटलं ते लिहावं की नाही, याचा विचार गेले पाच आठवडे करते आहे... सख्खी थोरली बहीण गेल्याचं कळलं, आणि पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, खूप आलं, पण आधी ते आलं. ती सुटका कशातून होती हे सांगितल्याशिवाय अक्काबद्दल मला खरं काही लिहिता येणार नाही.

अक्काचं नाव कौसल्या. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. उमरेड रोडवर, शहर संपून शेतं सुरू होतात तिथून थोडं आत आमचं गाव. बाबा लकडगंजातल्या एका लाकडाच्या टालावर कामाला होते. रोज सायकलनं जायचे आणि येताना मालकानं नेऊ दिलेले सागाचे तुकडे, वाकड्या बल्ल्या, फळ्यांच्या कडेचे काप कॅरिअरला बांधून आणायचे. त्या लाकडांतून त्यांनी आमच्या अडीच एकरांच्या कडेला तीन इमारती उभ्या केल्या. इमारती हा शब्द त्यांच्यासाठी मोठाच, पण अक्का तोच वापरायची. एक गुरांचा कोठा; गोठ्याला आमच्याकडे कोठाच म्हणतात. त्याला लागून कुटाराची खोली, म्हणजे मळणीनंतरचं भूसकट जनावरांसाठी साठवायची जागा. आणि पलीकडे नांगर-वखर ठेवायची बुटकी खोली. तिन्हींवर कवेलू, म्हणजे कौलं. बाबा वर चढून कवेलू रचायचे आणि खालून एकेक करून ते वर द्यायची बारा वर्षांची अक्का. मी तेव्हा तीन वर्षांची, मला यातलं काही आठवत नाही. पण अक्कानं ते इतक्या वेळा सांगितलं की आता मला ते स्वतः पाहिल्यासारखंच दिसतं.

सातवीनंतर तिची शाळा सुटली. आई आजारी असायची, आणि दोघींपैकी एकीलाच नागपूरला शिकायला ठेवणं घराला झेपणार होतं. पुढे माझ्या शाळेची वेळ आली तेव्हा अक्कानं तो विषय स्वतःच मिटवला. "शोभे, तू जाय. मले शेणाचा वास आवडते," ती म्हणाली. मी कितीतरी वर्षं त्यावर विश्वास ठेवून होते. मी मॅट्रिक झाले, पुढे सरकारी कचेरीत अनुरेखक म्हणून लागले. अनुरेखक म्हणजे इंजिनिअरनं आखलेल्या रेषा ट्रेसिंगच्या कागदावर जशाच्या तशा उतरवणारी बाई. बत्तीस वर्षं मी तेच केलं. अक्काचं लग्न झालं. तिचा नवरा कळमन्याच्या बाजारात पोती उचलायचा, शांत माणूस, अमोल चार वर्षांचा असताना काविळीनं गेला. ती लेकराला घेऊन परत बाबांच्या शेतावर आली आणि म्हशी घेतल्या. आधी एक, मग तीन, एकदा तर सात. पहाटेच्या एसटीनं दुधाच्या कॅना घेऊन ती नागपुरात यायची, आणि दर रविवारी माझ्या दारात उभी राहायची. आत यायची नाही. "पायाले शेण हाये," म्हणायची, पायरीवरच चहा प्यायची आणि पुढची बस धरायची.

त्याच दुधावर अमोल शिकला, एका कंपनीत लागला. चार वर्षांमागे त्यानं त्या जुन्या तीन इमारतींच्या शेजारीच नवं घर बांधलं. पक्कं, स्लॅबचं, खाली टाईल्स, समोर लोखंडी ग्रिल. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं चांगलं उंच घेतलं. अक्का त्या घरात झोपायला आणि जेवायला जायची, बाकी दिवसभर कोठ्यात. मग एका दुपारी ती कोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अमोल पाळी संपवून घरी आला तेव्हा ती दोन म्हशींच्या मधे शेणात पडलेली होती, किती वेळ ते तिलाच सांगता आलं नाही. एका म्हशीचा खूर तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. ती म्हैस तेवढा वेळ हललीच नव्हती, असं अक्का नंतर सगळ्यांना कौतुकानं सांगायची. अमोल मात्र ते ऐकलं की उठून जायचा.

ऑपरेशन झालं, वॉकर आला, म्हशी विकल्या गेल्या. अमोल आणि मनीषा दोघंही कामावर जायची. अक्का दोनदा वॉकरसकट पायऱ्या उतरायला गेली आणि दुसऱ्यांदा पडली, तेव्हापासून जाताना ते ग्रिलला कुलूप लावायचे. किल्ली शेजारच्या शेवंताबाईंकडे. त्या दुपारी तीनला येऊन अक्काला चहा द्यायच्या. जेवण टेबलावर झाकलेलं, बाथरूम जवळ, टीव्ही समोर, कशालाच काही कमी नव्हती. अक्का ग्रिलशी खुर्ची ओढून बसायची आणि समोरच्या रिकाम्या कोठ्याकडे बघत राहायची.

कुलूप लागल्यावर पहिल्यांदा मी तिथं गेले तेव्हा शेवंताबाई किल्ली शोधत होत्या, आणि आम्ही दोघी बहिणी गजांच्या दोन बाजूंना. तिनं गजातून माझा हात धरला. "मी पळून कुठी जाणार वं? कुलूप काहून लावतेत मले?" मी म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी गं. ती हसली. मग म्हणाली, "शोभे, तू जिंदगीभर सरकारचे नकाशे काढले. आता एक माह्यासाठी काढ. मले कोठा नवा बांधाचा हाये."

त्या दिवसापासून तिच्यात जीव आला. मी टेप घेऊन गेले. मनीषाला सुट्टी होती, तिनं टेपचं दुसरं टोक धरलं, आणि अक्का ग्रिलच्या दारात खुर्चीवर बसून ओरडून सूचना देत राहिली. मला वाटलं होतं, चार भिंती आणि छप्पर, त्यात काय काढायचं! पण अक्काच्या डोक्यात एकेक गोष्ट पक्की होती. दार चार फुटांचं नको, गाभण म्हैस अडते, साडेपाचचं पाहिजे. गव्हाण इतकी उंच की म्हशीला मान फार वाकवावी लागू नये. खालची फरशी खरखरीत, पाण्याला उतार मागच्या बाजूला, आणि तो उतार इतका बेताचा की जनावर रात्रभर तिरपं उभं राहू नये. मी बत्तीस वर्षं कालव्यांचे उतार गिरवले होते. तो उतार कुणाच्या पायांखाली येतो हा विचार कधी मनात आला नव्हता. पहिला नकाशा मी घरी नेऊन पक्क्या शाईनं काढला. तिनं तो मांडीवर पसरला, बोटानं गव्हाण चाचपली, आणि म्हणाली, "हे असंच सरकारचं काढे का तू? साजरं हाये."

तिसऱ्या खेपेला अमोल मला बसपर्यंत सोडायला आला. मोटरसायकल बंद करून तो म्हणाला, "मावशी, तुले एक सांगतो, रागावू नको. मले तिथं कोठा बांधाचाच नाही."

"मग मला बोलावता कशाला रे?"

"तिचं मन लागून राहिलं म्हणून. म्हशी आल्या तर पाहीन कोण? तिले उभं राहता येत नाही. कोठा झाला का ती पुन्हा त्याच्यात जाईन, पुन्हा पडीन. मावशी, तू पाह्यलं नाही तिले तिथं पडलेलं. मी पाह्यलं... तू फक्त नकाशे काढत राहा. नाही नको म्हणू तिले. काही ना काही बाकी हाये म्हणत जाय."

त्याचे डोळे भरले होते. हाच मुलगा रोज सकाळी कामावर जाण्याआधी आईची वेणी घालून द्यायचा, हे मी पाहिलेलं होतं. मी हो म्हणाले. बस आली आणि मी चढले. गाडी सुरू झाल्यावर कळलं की मी काय कबूल केलं आहे.

पुढचं दीड वर्ष मी खोटं बोलत राहिले. खोटं बोलायला मला माझी विद्या कामी आली, याची लाज अजून जात नाही. मी म्हणायचे, जमिनीची पातळी नीट घ्यावी लागेल. पावसाळ्यात पाया खोदता येत नाही. ग्रामपंचायतीचा कागद यायचा आहे. जुन्या बल्ल्या किती चालतील ते तपासावं लागेल. प्रत्येक वेळी मी नवा नकाशा न्यायचे, त्यात एखादी खिडकी सरकवलेली, एखादी भिंत वाढवलेली. आणि अक्का माझी एकेक अडचण बसल्या जागी दूर करायची. सरपंचबाईंना फोन करून तिनं कागदाची चौकशी केली, तर असला कुठला कागद लागतच नाही असं तिला समजलं. मला म्हणाली, "तुह्या हापिसाचे जुने नियम असतीन." माझ्यावर तिला संशयच आला नाही. तिनं सदाशिव मिस्त्रीला बोलावलं. अमोलनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि तिला सांगितलं की त्याला दुसरीकडं काम लागलंय. ती म्हणाली, थांबू मग, माणूस चांगला आहे.

मला जाणं नकोसं झालं. न जाणं त्याहून कठीण होतं, कारण आठवडा झाला की तिचा फोन यायचा, "काढला का वं?" अमोलशी बोलायचं ठरवून मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा त्याचा थकलेला चेहरा बघून तशीच परत आले. तिला सांगावं तर मुलगा दुरावणार, त्याला अडवावं तर उद्या ती खरंच पडली तर... मी माझ्या टेबलाशी बसून पाचवा, सातवा, नववा नकाशा काढत होते. कधी न बांधल्या जाणाऱ्या कोठ्याची गव्हाण मी शाईनं इतकी नीट गिरवत होते की माझा मलाच संताप यायचा.

मग यंदाच्या हिवाळ्याअखेर गारपीट झाली आणि जुन्या कोठ्याचं अर्धं छप्पर खाली आलं. अक्कानं ते ग्रिलमधून डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती टीव्ही बंद करून बसली होती. माझ्या हातात गुंडाळी होती.

"कितवा हाये हा?" तिनं विचारलं.

"अकरावा."

"बाबानं एक बी नाही काढला," ती म्हणाली. "तीन इमारती उभ्या केल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी माझी खोडी पकडताना बघायची तशी. मग मला ते पुढं ओढवेना. मी सगळं सांगून टाकलं. बसजवळचं बोलणं, ग्रामपंचायतीचा कागद, सदाशिव मिस्त्री, सगळं. मला वाटलं होतं ती म्हणेल की मले माहीत व्हतं. तसं काही झालं नाही. तिला काहीही माहीत नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि ती फक्त एवढंच म्हणाली, "तू बी?"

मुलाकडून तिनं ते सोसलं असतं. माझ्याकडून तिला ते अपेक्षित नव्हतं. तिनं खुर्ची भिंतीकडे वळवली. मी बराच वेळ थांबले. शेवटी शेवंताबाईंना हाक मारली, त्यांनी मला बाहेर घेतलं आणि माझ्यामागे कुलूप लावलं.

सात आठवडे तिनं माझा फोन घेतला नाही. मनीषा उचलायची आणि अवघडून सांगायची, "आई झोपल्या आहेत." त्या सात आठवड्यांत त्या घरात काय झालं ते मला मनीषाकडूनच पुढे कळलं. अक्कानं आरडाओरडा केला नाही. अमोलला समोर बसवून ती म्हणाली की तुला माझी भीती वाटते हे मला समजतं, पण तुझ्या भीतीपायी मी असं किती दिवस कोंडून राहायचं ते तू सांग. तिनं तेच रोज विचारलं. सकाळी वेणी घालताना विचारायची, संध्याकाळी तो आला की विचारायची. दीडेक महिन्यानं तो रडला आणि म्हणाला, "काय पायजे ते सांग."

मग तिनं मला बोलावलं. मी घाबरतच गेले. ती रागावलेली दिसली नाही, मऊही झालेली दिसली नाही. "बस," म्हणाली. "आता बारावा काढ. पण मी सांगतो तसाच. मनाचं टाकू नको."

तिनं सांगितलं ते ऐकून मी चकित झाले. कोठा तिनं सोडून दिला होता. म्हशी तर नकोच होत्या. तिला फक्त मधली कुटाराची खोली नीट करून हवी होती, बाबांच्या सागाच्या ज्या बल्ल्या धड होत्या त्या तशाच ठेवून. आत एक बाज, एक पंखा. आणि घराच्या दारापासून त्या खोलीच्या दारापर्यंत सिमेंटचा उतार, वॉकर जाईल असा, बाजूला धरायला पाईप.

"आणि म्हशी?" मी विचारलं.

"मले म्हशी कुठी पायजे व्हत्या वं, शोभे? मले उभं नाही राहता येत, मले समजत नाही का? मले तिथं जायाचं व्हतं. स्वतःच्या पायानं. म्हशीचं नाव घेतलं नसतं तर तुम्ही कोणी ऐकलं असतं का?" मग ती म्हणाली, "कोठ्याले कोणी कुलूप नाही लावत."

दीड वर्ष आम्ही दोघी त्या कागदांवर वाकून बसत होतो, आणि एवढी गोष्ट मी तिला विचारली नव्हती, तिनं सांगितली नव्हती. मी तिथंच, तिच्यासमोर, वहीच्या पानावर पेन्सिलनं बारावा नकाशा काढला. त्यात शाई नाही, मापंही अंदाजाचीच. बांधला गेला तो तेवढाच एक.

सदाशिव मिस्त्री आला. कुटाराची खोली रिकामी झाली, भिंती नव्या झाल्या, कवेलू पुन्हा बसले. खिडकीची जागा आली तेव्हा अक्कानं हट्ट धरला की मी स्वतः बघणार. अमोल आणि मिस्त्री यांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलं. मी होते तिथं. वाळू-सिमेंटच्या पसाऱ्यात ती दहाएक मिनिटं बसली. मी खिडकी शेताच्या बाजूला दाखवली होती, हवा चांगली येते म्हणून. ती म्हणाली, तिकडची बुजवा, इकडं रस्त्याच्या बाजूला करा, आणि खाली घ्या, बाजेवर पडून दिसली पाहिजे. मिस्त्री कुरकुरला, कालचाच थर होता, ओला. "फोड ना गा, ओला हाये तवरच फुटन," असं म्हणत तिनं त्याला तो फोडायला लावला. मग पुन्हा खुर्ची उचलली गेली आणि ती घरात गेली, ग्रिलच्या आत. उतार व्हायचा बाकी होता. अमोलनं शब्द दिला होता की उतार झाला की कुलूप काढतो, कारण तोवर मधे त्या पायऱ्याच होत्या.

उतार टाकला गेला. त्यावर ओली पोती पसरून मनीषा सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होती. नवव्या दिवशी दुपारी तीनला शेवंताबाई चहा घेऊन गेल्या. कुलूप काढून आत गेल्या तेव्हा अक्का खुर्चीतच होती, मान एका बाजूला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. अमोल त्यानंतर कितीतरी दिवस एकच वाक्य बोलत होता, "कुलूप लावलेलं व्हतं, मावशी." मीच त्याला दीड वर्षाचा वेळ मिळवून दिला होता. तो वेळ तिचा होता... तिला दीड वर्ष त्या खोलीत बसता आलं असतं. लिफ्टमध्ये सुटल्यासारखं वाटलं ते यातूनच, की तिचं ते "तू बी?" आता पुन्हा माझ्यासमोर उभं राहणार नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींनी वंदना घेतली. घर माणसांनी भरलं होतं. गावातल्या अक्काच्या वयाच्या बायांना पायऱ्या चढवेनात, तेव्हा मनीषानं त्यांना कुटाराच्या खोलीत बसवलं. दुपारभर त्या तिथं बसून अक्काच्या म्हशींच्या, दुधाच्या कॅनांच्या, बसमधल्या भांडणांच्या गोष्टी सांगत होत्या. एकीनं अमोलला विचारलं, "खोली साजरी काढली बाप्पा, कोनाची हाये?" तो म्हणाला, "मायची." आणि पाणी आणायला म्हणून निघून गेला.

सगळे गेल्यावर मी तिथल्या बाजेवर जरा आडवी झाले. खिडकी बरोबर डोळ्यांसमोर आली. त्यातून शेत दिसत नाही. दिसतं घराचं फाटक, आणि त्यापुढे मोठ्या रस्त्यावरून आत वळणारी वाट, जिच्यावरून अमोल आणि मनीषा कामावरून परत येतात. मी बघत पडले होते, तेवढ्यात भाड्याच्या खुर्च्या पोचवून अमोलची मोटरसायकल त्या वाटेवर वळली. फाटकाशी त्यानं गाडी हळू केली. घराकडे न बघता त्यानं आधी या खिडकीकडे पाहिलं. आत कुणीतरी आहे हे दिसून तो क्षणभर थबकला.

मी उठून बसले आणि त्याला हात केला.